नोव्हेंबरची पट्टी

नोव्हेंबर लागला की स्वेटरवाल्या बाईंना मान वर करायला फुरसत नसायची. वर्षभर कुणाला त्यांची आठवण नाही, आणि पहाटे जरा नाक गार पडलं की सगळं गाव दारात! त्यात यंदा लेकीच्या शाळेने नवीनच खूळ काढलं होतं. या महिन्यात तुमच्या घरी काय पद्धत असते ते वर्गात सांगायचं, आणि तिची खूण म्हणून एक वस्तू घेऊन यायची. तेही उद्याच.

"पद्धत म्हणे!" बाईंच्या सुया खटाखट चालल्या होत्या. "दिवाळी तर गेल्याच महिन्यात उरकली. आता ना सण, ना सुट्टी. नुसती थंडी आणि कामाचा रगाडा. एवढा पोरका महिना तुझ्या शाळेला सापडला तरी कुठे? आणि ताप कुणाच्या डोक्याला? आईच्या!"

तिसरीतली लेक शांतपणे पेन्सिलीला टोक काढत बसली होती.

"पिवळं पान ने एखादं."

"निम्मा वर्ग तेच आणणार आहे."

"मग मेणबत्ती ने. सांग, लवकर अंधार पडतो म्हणून आम्ही लावतो."

"आपण कुठे लावतो? आपण बटण दाबतो."

"अगं, मग दे ना काहीतरी ठोकून! बाबांना विचार, ते थापा मारण्यात पटाईत आहेत."

"माझं ठरलंय," लेक उठत म्हणाली. "मी माझा पट्ट्यांचा स्वेटर नेणार आहे."

बाईंची सुई टाक्यातच थांबली.

लेक बालवाडीत असताना त्यांनी तो स्वेटर मुद्दाम ढगळ विणला होता. पुढे दर नोव्हेंबरला तो कमरेला आणि बाह्यांना आखूड व्हायचा, आणि बाई उरल्यासुरल्या लोकरीची बोटभर पट्टी दोन्हीकडे जोडायच्या. एका वर्षी हिरवी, एका वर्षी केशरी, मग जांभळी. त्यात कौतुक कसलं? नवा विणायला वेळ होता कुणाला! जोडतानाही त्यांची कुरकुर चालूच असायची. लेक मात्र माप द्यायला हात पसरून उभी राहायची, आणि रंग कुठला ते तीच सांगायची.

परवा डॉक्टरीणबाईंच्या पांघरुणाची किनार निम्म्यात आली आणि लोकर संपली. दुकानात मिळेना, टोपलीतले उरलेले तुकडे पुरेनात. डॉक्टरीणबाईंचे निरोपावर निरोप. बाईंनी वैतागून कपाट उपसलं, तेव्हा तो स्वेटर हाताला लागला. आता घालतंय कोण, म्हणून त्यांनी तो सरळ उसवला. आज दुपारी पांघरूण गेलंसुद्धा. 'रंग काय गोड आहेत हो!' म्हणत डॉक्टरीणबाई खुशीत घेऊन गेल्या.

"आई, कपाटात नाहीये!" आतून हाक आली.

"नसेलच. उसवला मी तो." बाईंचा आवाज उगाचच चढला. "काय करणार होते? लोकर संपली होती. आणि तुला होत तरी होता का? विकतचा आणू नवा, टोपीवाला."

लेक रडली असती तर बरं झालं असतं. तिला रागावून बाई मोकळ्या झाल्या असत्या. पण ती दारात येऊन उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं, "सगळ्या पट्ट्या?"

"सगळ्या."

ती परत दप्तरापाशी जाऊन बसली. बाईंना स्वतःचा असा संताप आला की हातातला टाका कुठला तेच कळेना.

"मग उद्या काय सांगणार आहेस?"

"सांगीन, आमच्याकडे एक पद्धत होती."

"होती काय होती? मोठी आली शहाणी!" बाईंनी गिऱ्हाइकाचं काम बाजूला भिरकावलं आणि उरलेल्या लोकरीची टोपली जमिनीवर पालथी केली. "ऊठ. रंग सांग. आत्ता एक पट्टी विणून देते, उद्या तीच ने. स्वेटर होईल मागून. चल, हात पसर."

लेकीने रंग काही सांगितला नाही, पण हात पसरला. बाईंनी खांद्यापासून टेप लावली. गेल्या नोव्हेंबरपेक्षा तो हात चांगला दोन बोटं वाढला होता, आणि हे त्यांना आत्ता कळत होतं.