कासाबाईचा चाकू

“ह्याची कमान लय ताठ हाय,” म्हणत येडबानं तोही चाकू परत फडक्यावर ठेवला.

ताडकळसच्या बाजारात, महादेवाच्या देवळाच्या अंगाला दस्तगीरचं दुकान असे. दुकान म्हणजे एक अंथरलेलं फडकं आणि त्यावर मांडलेले अडकित्ते, वस्तरे, कात्र्या नि मिटते चाकू. लढाई सुरू झाल्यापासून विलायती माल येईनासा झाला होता, तरी निवडीला तोटा नव्हता. शिंगाच्या मुठीचे होते, लाकडी मुठीचे होते, पितळी मुठीचे होते. येडबा त्यातला एकेक उचलायचा, जरा पाठ वळवून उजेडाला धरल्यासारखं करायचा आणि काहीतरी खोट काढून परत ठेवायचा. एकाची मूठ गुळगुळीत. एकाचं पातं आखूड. एकाला गंज लागणार, रंगावरूनच कळतंय. पोरगी बघायला आलेल्या आगाऊ वरमाईनंही इतक्या खोडी काढल्या नसत्या.

“मामू, चाकू होना या जमाई होना?” दस्तगीर म्हणाला.

बाजाराचं गाठोडं मांडीवर घेऊन शेजारी बसलेली कासाबाई खुदकन हसली. येडबा हसला नाही.

नवऱ्याच्या या चोखंदळपणाचं तिला तसं नवल नव्हतं. धनगराचं चाकूवाचून पान हलत नाही. कोकराची नाळ कापायची, खुरात अडकलेला खडा काढायचा, काठी तासायची, कांदा चिरायचा, सगळं त्याच एका पात्यावर. येडबाचा जुना चाकू त्याच्या बापाचा होता. त्याची कमान झिजून इतकी सैल झाली होती की नुसत्या झटक्यानं तो उघडे. दिवाळी झाल्यावर एका मेंढीच्या खुरातला खडा उचकटताना त्याचं पातं मधोमध तुटलं, आणि तेव्हापासून येडबा घरात मयत झाल्यासारखा तोंड पाडून बसत होता.

दस्तगीरनं एक न मिटणारा, म्यानातला सुरा पुढं केला. “ये लेव. खोलनेकाच झंझट नक्को.”

क्षणभर येडबाचा डावा हात त्याच्याकडं गेला. मग त्यानं मान हलवली.

“उघडं पातं मेंढरांत नेत न्हाईत आमी. बाप सांगायचा, दिस मावळला की चाकू मिटायचा, मग लांडग्याचं तोंड मिटतं.”

तेवढ्यात मागून हाक आली. दिनकरराव देशमुखांचा कारभारी चंद्रभान, हातात ताज्या वांग्यांची पिशवी घेऊन उभा होता. दिनकररावांची मेंढरं येडबाकडं बटईनं होती. वर्षभर राखायची, वाढवायची आणि नव्या कोकरांतली अर्धी मालकाची, अर्धी आपली. येडबाचं घर त्या अर्ध्यावर उभं होतं. दरसाल मार्गशीर्षातल्या पुनवेला मेंढरं नव्यानं सोपवली जात, आणि राखणाऱ्यानं मालकादेखत आपल्या हातानं, आपल्या चाकूनं प्रत्येक मेंढीच्या कानाला खूण करायची, हा रिवाज होता.

“चाकू घ्यायलायस व्हय, येडबा? घे, घे. पुनव आली जवळ.” चंद्रभाननं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “हात बरा हाय ना तुझा? काट्यानं लय सुजला होता म्हणं. मालक इचारत होते.”

“कवाच बरा झाला, कारभारी.”

“मग झ्याक. न्हाईतर तो रायभान रोज दारात येऊन बसायलाय. औंदा मेंढरं मला द्या म्हणतो. जवान गडी हाय, मालक तरी किती दिस न्हाई म्हणतील?”

चंद्रभान गर्दीत दिसेनासा झाला. येडबानं घोंगडीखालचा उजवा हात बाहेर काढला आणि घाईघाईनं एक पितळी मुठीचा चाकू उचलला. पाठ वळवली. उजेडाला धरला. पुन्हा ठेवला.

“हा बी न्हाई. जडच हाय.”

“नाचता येईना अंगण वाकडं,” कासाबाई हसत म्हणाली.

म्हटलं तिनं थट्टेनंच. पण येडबाचा चेहरा असा उतरला की तिचं हसू ओठांवरच राहिलं. तेव्हा तिनं प्रथम त्याच्या हाताकडं नीट पाहिलं. अंगठा वाळला होता. तळव्याकडं झुकून बसला होता तो, दुसऱ्या कुणाचा आणून चिकटवावा तसा. डाव्या हाताच्या नखानं पातं ओढावं तर उजव्या हातात मूठ ठरत नव्हती, आणि डाव्यात मूठ धरावी तर ओढायला उजवा अंगठा नव्हता. म्हणून तर तो पाठ वळवत होता.

“तंबाखू घेऊन येतो,” येडबा म्हणाला आणि उठून गेला.

कासाबाईला एकेक आठवू लागलं. पावसाळ्यात बाभळीचा काटा अंगठ्याच्या सांध्यात मोडला, हात फुगला, वैदूनं चिरून पू काढला. सूज उतरली तसं घरानं देवाला नारळ फोडला आणि विषय मिटवला. पण त्यानंतर मुंडाशाचं टोक तो तिच्याकडून खोचून घेऊ लागला होता. कोकराला दावं बांधायचं झालं की, ‘तूच बांध, तुझी गाठ पक्की बसते,’ म्हणायचा. तिला वाटलं होतं, उतारवयात गडी लाडात आलाय. जुना चाकू आपोआप उघडायचा म्हणून त्याचं झाकलेलं राहिलं. तो चाकू मोडला आणि आता हे उघडं पडायला आलं. आणि सगळ्या बाजारात त्याला टोचून बोलणारी कोण, तर आपण. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं पदर कपाळापर्यंत ओढला.

मग तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि फडक्याजवळ सरकली.

“सैल कमानीचा दाखव.”

दस्तगीरनं तिच्याकडं पाहिलं, येडबा गेला त्या दिशेला पाहिलं, आणि काही न विचारता तळातून एक काळ्या मुठीचा चाकू काढून दिला. तो एका बोटानं उघडला. कासाबाईचा जीव भांड्यात पडला. ती पदराची गाठ सोडणार, तोच दस्तगीर म्हणाला,

“आक्का, खोटा नै बोलतऊँ. ये खुलताबी झट, मिटताबी झट. काम करते करते उंगल्याँ पो मिटेगा.”

तिच्या डोळ्यांपुढं ओलं, निसटतं कोकरू आलं, आणि बळ नसलेला हात, आणि त्यावर मिटणारं पातं. तिनं चाकू परत दिला.

आता ती एकेक स्वतः पाहू लागली. अंगठा बाजूला ठेवून नुसत्या चार बोटांत मूठ धरून पाहिली. पितळी निसटत होती. लाकडी बारीक होती. शिंगाच्या मुठीचा एक मात्र पोटाशी फुगीर होता, बोटांच्या खोबणीत आपसूक बसला. हा तोच होता, ज्याची कमान लय ताठ म्हणून येडबानं मघाशी नापास केलेला. कासाबाईनं पात्याच्या खाचेत नख घातलं आणि ओढलं. नख दुखावलं, पण कट् आवाज होऊन पातं उघडलं. तिनं ते पाठीकडून दगडावर दाबलं, वाकडंतिकडं करून पाहिलं. ते हललं नाही.

उघडायला कठीण, पण एकदा उघडला की दगा न देणारा.

लोकरीचे आलेले निजामी हाली पैसे तिच्या पदरात होते. तिनं घासाघीस केली नाही, याचं दस्तगीरला वाईटच वाटलं असावं.

येडबा परत आला तेव्हा चाकू तिच्या कमरेला खोचलेला होता.

“ह्ये काय?”

“चाकू. माझा हाय. मला लागायलाय घरात. तुमाला नड पडली तर मागा.”

“बाईमाणसाच्या कमरंला चाकू? लोक हसतील.”

“हसू द्या. दात दिसतील त्यांचे.”

येडबानं पुढं विचारलं नाही. घरापर्यंतच्या वाटेवर तो वाटेत भेटलेल्या मेंढरांशी बोलला, कुत्र्याशी बोलला, तिच्याशी बोलला नाही. पुनवेपर्यंत त्यानं चाकू मागितलाही नाही. कांदा बुक्कीनं फोडला, एका कोकराची नाळ जुन्या मोडक्या पात्यानं खरडून कापली. कासाबाई बघत राही आणि कमरेला हात लावून गप्प बसे. मागितल्याशिवाय द्यावा तर त्याला कळणार की हिला कळलंय. आणि त्याला ते सोसेल की नाही, हे तिला एवढ्या वर्षांच्या संसारातही सांगता येत नव्हतं.

पुनवेला दिनकररावांच्या गोठ्यापुढं मेंढरं उभी राहिली. दिनकरराव बाजेवर बसले होते, शेजारी चंद्रभान. कुंपणाशी रायभानही येऊन उभा होता, आपला काही संबंध नसल्यासारखा. पहिल्या मेंढीला लावायला ताटलीत हळदकुंकू ठेवलेलं होतं. येडबानं मेंढी दोन्ही गुडघ्यांत धरली.

“हं, काढ चाकू,” चंद्रभान म्हणाला.

येडबाचा हात कमरेशी गेला आणि तिथंच राहिला. तिथं मोडका चाकू होता. तो मालकादेखत काढावा तरी पंचाईत, न काढावा तरी पंचाईत. मग रायभाननं बंडीच्या खिशातून आपला चाकू काढला आणि मिटलेलाच पुढं धरला.

“घ्या मामा. माझा घ्या.”

तो कपटानं म्हणाला की चांगुलपणानं, देव जाणे. येडबानं त्या मिटलेल्या चाकूकडं पाहिलं आणि मेंढी गुडघ्यांत आणखी आवळली.

“थांबा!” कासाबाई पुढं झाली. “दुसऱ्याचं पातं न्हाई चालत.”

तिनं कमरेचा चाकू काढला, नखानं उघडला. ताटलीतली हळद बोटावर घेऊन पात्याला लावली, वर कुंकू लावलं आणि चाकू येडबापुढं भुईवर ठेवला. पातं हातातून हातात देऊ नये, भांडण होतं, हे तर लहान पोरालाही ठाऊक. तेव्हा भुईवर ठेवण्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण दिनकररावांच्या भुवया वर गेल्या.

“हे काय नवीन काढलं, कासाबाई? मागच्या साली तर नव्हतं.”

कासाबाईनं तोंड उघडलं. इथवरचं तिनं मनात बसवून ठेवलं होतं, पुढचं नव्हतं.

“नवीन न्हाई, मालक,” येडबा म्हणाला. तो मेंढीच्या कानाकडं बघत होता. “माझी आई असंच द्यायची बापाला. हळद लावून, उघडून, भुईवर. मधी आमी मोडलं. म्हून तर औंदा बापाचा चाकू मोडला.”

कासाबाईनं सासूचं शेवटपर्यंत सगळं केलं होतं. म्हातारीनं जन्मात चाकूला हात लावला नव्हता. कांदासुद्धा ती विळीवर चिरायची.

दिनकररावांनी मान डोलावली. रिवाज म्हटल्यावर त्यांचं काही म्हणणं नसे. येडबानं खाली वाकून चार बोटांत चाकू उचलला, डाव्या हातानं कान ताणला आणि खूण केली. मेंढी जेमतेम दचकली. दुसरी आली, तिसरी आली. शेवटची मेंढी सोडल्यावर त्यानं चाकू पुसला आणि तसाच उघडा भुईवर ठेवला, तिच्या पावलांजवळ. कासाबाईनं उचलून तो मिटला. रायभान केव्हाच निघून गेला होता.

त्या दिवसापासून तो मागू लागला. “कासे, चाकू,” एवढंच म्हणायचा. ती उघडून भुईवर ठेवायची. हाताबद्दल तो बोलला नाही, तीही बोलली नाही.

पुढं कोकरं व्हायचे दिवस आले. एका सकाळी रायभानची बायको कोंडाबाई मेंढरांच्या वाड्याशी आली, पदराखाली काहीतरी झाकून. तिच्यामागं वस्तीतल्या आणखी दोघीतिघी होत्या.

“वैनी,” ती हळूच म्हणाली, “आमच्या दोन मेंढ्या गाभडल्या. ह्ये म्हणले, आपण पातं तसंच वापरतो, म्हून झालं. तुमच्यात कशी लावतात हळद, त्येवढं सांगा.” आणि तिनं पदराखालून रायभानचा चाकू काढला.

कासाबाईला कुठं बघावं कळेना. गाभ पडलेल्या त्या मेंढ्यांचं तिला खरंच वाईट वाटलं होतं, आणि आता थाप मारावी तर पाप, खरं सांगावं तर घर बुडतं. तिनं मान फिरवून येडबाकडं पाहिलं. तो कोकरू मांडीवर घेऊन उन्हाला बसला होता, उजवा हात नेहमीसारखा घोंगडीखाली.

“सोपं हाय,” तो म्हणाला. “बाईनं उघडायचा. चुलीवरच्या पाण्यात पातं बुचकळायचं, पुसायचं, हळद लावायची अन् भुईवर ठेवायचा. फकस्त हळद लावताना आंगठा लागू द्यायचा न्हाई.”

“आंगठा न्हाई?”

“न्हाई. आंगठा असा आत घ्यायचा.”

कोंडाबाईनं आपला अंगठा तळव्यात दुमडून हात पुढं केला. मागच्या बायकांनीही करून पाहिलं.

“असा?”

येडबानं घोंगडी बाजूला केली. उजवा हात बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा उन्हात धरला.

“आस्सा,” तो म्हणाला.