मालनचा सतरावा सोमवार

देवाकडे काही मागायचं तर ते स्वच्छ शब्दांत मागावं, असं मालनचं मत होतं. मोघम मागितलं की देवाला वाव मिळतो. म्हणून वैशाखातल्या एका सोमवारी लालबागच्या बाजारामागल्या लहानशा देवळात, पिंडीपुढे उभं राहून तिने सोळा सोमवार धरले, तेव्हा एकेक गोष्ट नीट सांगितली. मुलीचं मन दुखू नये. तिची नोकरी जाऊ नये. ताप, पडसं, अपघात, यातलं काही होऊ नये. कोणाचंच वाईट होऊ नये. फक्त तिचा तो व्हिसा तेवढा येऊ नये.

एवढं मागून, शंकराची अर्धी प्रदक्षिणा घालून ती घरी आली आणि मुलीला विचारलं, "चहा टाकू?"

मुलगी म्हणजे दर्शना. तेवीस वर्षांची, एकुलती एक. माटुंग्याला कापडाचं शिक्षण घेतलं, दादरला एका ऑफिसात चिकटली, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना मँचेस्टरच्या कॉलेजचं पत्र घेऊन आली. दोन वर्षं, तिकडची शिष्यवृत्ती, आणि जायचं एकटीने. विषय कापडाचाच. हे ऐकून तिचा बाप दत्ताराम बराच वेळ हसत होता. त्याची उमेदीची वर्षं साच्यावर कापड विणण्यात गेली होती. गिरण्यांच्या संपाला पंचवीस वर्षं होऊन गेली, गिरणीच्या जागी काचेची इमारत उभी राहिली, आणि दत्ताराम लालबागला मसाला कुटायच्या गिरणीत कामाला लागला. "गिरणी ती गिरणीच, खातं बदललं," असं तो शिंकता शिंकता सांगे. आता म्हणाला, "साचे त्यांच्याकडनं आले. आम्ही चालवले. आमच्या शेटने भंगारात विकले. आता पोरगी विचारायला चाललीय, बाबांनो, हे चालवायचे कसे?"

चाळीत बातमी फिरायला दुपारही लागली नाही. कोपऱ्यातल्या खोलीतल्या पुतळाबाईंना शिक्षण, शिष्यवृत्ती यात रस नव्हता. त्यांनी एकच विचारलं, "एकटां? मालवणाक जाताना आमका चार माणसां लागतत, आणि ह्यां चेडू एकटां खंय चल्लां?"

मालनचं म्हणणं नेमकं तेच होतं. पण पुतळाबाईंना मोठ्याने बोलायची सवय होती, आणि मालनला उपासाची.

तिचा आठवडा देवांनी आपसात वाटून घेतला होता. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा. बुधवार आणि रविवार तिने मोठ्या मनाने माशांना सोडले होते. तिने घरात कधी आवाज चढवला नाही. काही पटलं नाही की ती जेवत नसे, आणि ते कोणत्या ना कोणत्या देवाच्या नावावर जमा होई. नवीन लग्न झालेलं असताना संप सुरू झाला, तेव्हाही तो मिटावा म्हणून तिने सोमवार धरले होते. संप मिटल्याचं अजून कोणी जाहीर केलेलं नाही. त्यामुळे तिचा तो उपास कायद्याने चालूच आहे, असं दत्ताराम म्हणे.

खरं तर सोळा सोमवार श्रावणात धरायचे. पण श्रावणापर्यंत व्हिसा थोडाच थांबणार होता!

दुसऱ्याच सोमवारी शेजारची चंपा वाटीभर साखर मागायला आली आणि मालनपुढचं रिकामं ताट बघून जागच्या जागी विरघळली. "वहिनी! लेकीसाठी धरलंत ना?"

"लेकीसाठीच," मालन म्हणाली. व्रतात खोटं बोलायचं नसतं.

"काय मागितलंत ते विचारत नाही हो. सांगायचं नसतं. पण कळतं बाई, आईचं मन कळतं." चंपाचा मुलगा जगन कॅनडाचे फॉर्म भरत होता. तो गेला तर खोलीत कपाट ठेवायला जागा होईल, हे चंपाने कोणाला सांगितलं नव्हतं. पण तिने कपाट बघून ठेवलं होतं.

संध्याकाळपर्यंत मालनवहिनींचं व्रत चाळभर झालं. नळावर बायका तिला आधी पाणी भरू देऊ लागल्या. पोरीला सातासमुद्रापार धाडायला आई अन्न सोडते, असा दाखला सुनांना देण्यात येऊ लागला. मालन खाली मान घालून हंडा उचलायची. ही तिची जुनी सवय होती, पण बघणाऱ्याला नम्रता दिसे.

सगळ्यात कठीण झालं ते दर्शनाचं. पोरगी तशी देवाधर्माची नव्हती. पण तिसऱ्या सोमवारी ती दादरच्या फुलबाजारातून बेलाची जुडी घेऊन आली. चौथ्या सोमवारी डबा न नेता गेली.

"डबा राहिला गो!"

"राहू दे. मीपण करतेय तुझ्याबरोबर."

"काय करतेस?"

"सोमवार. तू माझ्यासाठी उपाशी राहणार, आणि मी कॅन्टीनमध्ये बसून वडा खाऊ? बरं दिसतं ते?"

मालनने हातातली पळी खाली ठेवली. काय मागतेस हे विचारायची सोय नव्हती आणि गरजही नव्हती. म्हणजे आता एकाच खोलीतून, एकाच वारी, एकाच पिंडीकडे दोन अर्ज जाणार होते, एक व्हिसा यावा म्हणून आणि एक येऊ नये म्हणून. आणि दोन्हींना बेल एकाच जुडीतला.

मालनने मनाशी हिशेब केला. आपले चार झाले, तिचा पहिलाच. आपण तीस वर्षं करतोय, तिला ताम्हन कसं धरायचं तेही ठाऊक नाही. महादेव काही नवखा नाही. जुन्या भक्ताचं तो आधी ऐकेल. एवढं ठरवल्यावर तिला बरं वाटलं. त्याबद्दल जरा वाईटही वाटलं, म्हणून तिने मुलीसाठी संध्याकाळी जास्त तूप घालून चुरमा केला.

चौदाव्या सोमवारी, भर पूजेत, कुरिअरवाला आला.

दर्शनाने पाकीट फोडलं, पासपोर्ट उघडला आणि किंचाळली. ते ऐकून गॅलरीतली सगळी दारं उघडली. चंपा तर आत येऊन मालनच्या पायाच पडली. "वहिनी, काय ताकद आहे हो तुमच्या व्रतात! सोळासुद्धा होऊ दिले नाहीत देवाने!"

मालनने देव्हाऱ्यातल्या पिंडीकडे बघितलं. पिंडी नेहमीसारखीच होती.

ती हरणारी बाई नव्हती. अजून दोन सोमवार शिल्लक होते, आणि मिळालेले व्हिसा रद्दही होतात, असं कोणी तरी रेशनच्या रांगेत बोललं होतं. तिने पुढचे दोन्ही सोमवार पाण्याचा थेंब न घेता काढले. चाळ थक्क झाली. "मागितलं ते पदरात पडलं, तरी वहिनी सोडत नाहीत बघा!" पुतळाबाई मात्र बाजेवरून तिच्याकडे टक लावून बघत राहिल्या. म्हणाल्या, "मालन, चेडवाची बॅग आणलंस काय गो?"

"आणायचीय."

"हां," पुतळाबाई म्हणाल्या, आणि तंबाखू मळू लागल्या.

सतरावा सोमवार उद्यापनाचा. तो नेमका श्रावणात आला. विमान गुरुवारी होतं. सोळा जोडपी जेवायला सांगितलेली. गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पंगत, आणि खोलीत चौरंगापुढे मालन आणि दत्ताराम. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. तिघींची मुलं फॉर्म भरत होती, आणि त्या विधी पाठ करायला आल्या होत्या. चंपाने तर वही आणली होती.

गिरगावहून आलेल्या भटजींना घाई होती. त्यांचा मोबाईल दोनदा वाजून गेला. मंत्र संपवून ते म्हणाले, "हं, हातात पाणी घ्या. जी इच्छा धरली होती ती मनात आणा, 'पूर्ण झाली' असं तोंडाने म्हणा, आणि पाणी सोडा. झालं."

मालनने ओंजळ पुढे केली. दत्तारामने पळीने पाणी घातलं.

इच्छा मनात आणली. ती होती तशीच होती, अगदी ताजी. आता पुढचे दोन शब्द म्हणायचे, आणि म्हणून टाकले असते तर कोणाला काय कळणार होतं? पण ओंजळीत पाणी होतं आणि समोर महादेव बसला होता. माणसांना तिने चार महिने फसवलं होतं. खरं तर माणसंही आपण होऊनच फसली होती. ह्याला कसं फसवणार? मागितलं ते त्याच्याकडेच.

बोटांच्या फटीतून थेंब गळू लागले.

"वहिनी, बोला. 'पूर्ण झाली'."

बाहेर पंगतीत कोणी तरी, अजून किती वेळ म्हणून, द्रोण वाजवला.

"अहो, उरका. मला परळला वास्तुशांत आहे."

"नाही झाली," मालन म्हणाली. इतक्या हळू, की भटजींनी कान पुढे केला. तेव्हा ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने, "माझी इच्छा पूर्ण नाही झाली."

"असं कसं?" चंपा उसळली. "दर्शना चाललीय की गुरुवारी!"

"म्हणूनच."

क्षणभर कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मग आलं. चंपाने वही मिटली. पुतळाबाई मागून म्हणाल्या, "माका ठावक होतां. बॅग खंय आणली ती!"

मालनने मुलीकडे बघितलं नाही. तिला ओंजळीत उरलेलं पाणीच तेवढं दिसत होतं, आणि ते चाललं होतं. तेवढ्यात कोणी तरी तिच्या अंगाला अंग लावून खाली बसलं, आणि तिच्या ओंजळीखाली दुसरी ओंजळ आली.

"माझी झाली पूर्ण," दर्शना म्हणाली. आवाज रागाचा की रडण्याचा, ते मालनला कळलं नाही. "सोड, आई."

मालनने हात सोडले. पाणी एका ओंजळीतून दुसरीत आणि तिथून ताम्हनात पडलं.

"दोघींची मिळून एकच दक्षिणा घेतो," भटजी म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

रात्री भांडी झाल्यावर दर्शना एवढंच म्हणाली, "तोंडाने सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

"नाही."

"मग?" मालन म्हणाली. "ज्याच्या हातात होतं त्याला सांगितलं."

दर्शनाला हसूच आलं. दत्ताराम मात्र हसला नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच काही तरी फिरत होतं. "अगो, खरं सांग," तो म्हणाला, "संपाच्या वेळी सोमवार धरलेस, तेव्हा नक्की काय मागितलं होतंस?"

"संप मिटू दे, असंच!"

"शपथ?"

"शपथ."

"मग बरं," दत्ताराम उशी सारखी करत म्हणाला. "म्हणजे मन लावून मागितलंस तरी तो तुझं ऐकत नाही."

मंगळवारी सकाळी मालन स्वतः लालबागला गेली आणि बॅग घेऊन आली. दत्तारामने आपल्या हाताने कुटलेला मसाला तीन पिशव्यांत बांधून बॅगेच्या तळाशी घातला. गुरुवारी मुलगी गेली. विमानतळाच्या काचेपलीकडे एकटीच चालत गेली. पाठीवर सॅक होती आणि तिने मागे वळून एकदाच हात केला.

चाळ मालनवर रागावेल, असं तिला वाटलं होतं. पण पुढच्या सोमवारी चंपा वही घेऊन हजर. "वहिनी, तुमचं व्रत द्या."

"माझं? अगं, माझं फसलं. दर्शनाचं घे."

"नको. ती काय, आजकालची पोरं. तुमचंच द्या. जाऊ नये म्हणून मागितलंत आणि पोरगी गेली. मी तेच मागते. जगन जाऊ नये, असंच मागते."

मालनने तिला पुष्कळ समजावलं. देव काही उलटं चालणारं यंत्र नाही म्हणाली. चंपाने ऐकलं नाही. तिने सोळा सोमवार जगन जाऊ नये म्हणून कडकडीत केले, आणि या खेपेस महादेवाने शब्दन् शब्द ऐकला. जगनला कॅनडाने नाही म्हटलं. तो अजून त्याच खोलीत आहे, कपाट अजून दुकानात आहे, आणि चंपा नळावर मालनशी बोलत नाही.

दर्शनाचा फोन रविवारी येतो. थंडी आहे म्हणते, मसाला संपत आला म्हणते, साच्यांचं म्युझियम बघून आले, बाबांना सांग म्हणते. दिवाळीनंतरच्या एका रविवारी फोन ठेवता ठेवता म्हणाली, "उद्या सोमवार ना? माझा सहावा."

"कसला सहावा?"

"सोळातला. धरलेत पुन्हा."

मालनने फोन दुसऱ्या कानाला लावला. तिथे राहायला मिळावं म्हणून, की परत यायला मिळावं म्हणून? तिने शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "काय गो मागतेस, बाय?"

"सांगायचं नसतं, आई," दर्शना म्हणाली, आणि फोन ठेवला.