बोर आणि शेंदूर

"काका, काढू का?" सांडशी धरून उभ्या अमोलनं तिसऱ्यांदा विचारलं.

नत्थुजींनी उजव्या डोळ्यावर दुपट्ट्याचं टोक दाबून धरलं होतं. पाच आठवड्यांपूर्वी त्याच डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि आगीपासून जपा, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून डाव्या, ऑपरेशन न झालेल्या डोळ्यानंच ते भट्टीत पाहत होते. दालमिलच्या यंत्रातल्या पिना तापत होत्या. आधी काळपट, मग मातकट, मग पिकल्या बोरासारख्या लाल.

'काढ' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात दुपट्टा सरकला. उजव्या डोळ्याला दिसला लखलखता शेंदूर.

त्यांनी उजवा डोळा मिटला. बोर. डावा मिटला. शेंदूर.

"काका?"

"भट्टी बंद कर."

"अन् पिना?"

"गेल्या त्या."

चाळीस वर्षं अकोल्याच्या या शेडमध्ये नत्थुजी लोखंडाला पाणी देत आले होते. कोळसा आणि हाडांची भुकटी भरलेल्या पेटीत पिना दिवसभर भाजायच्या, की त्यांची साल कोळसा पिऊन घेते. मग पुन्हा तापवून तेलाच्या टाक्यात बुडवायच्या. साल अशी होते की कानस नुसती घसरते. आतला गर मात्र नरमच राहतो. म्हणून पीन झिजतही नाही आणि दणका बसला तरी तुटत नाही. सगळी मेख रंगात. बोर झालं की काढायचं. शेंदूर चढला की साल ठिसूळ, दोन महिन्यांत टवके उडणार. अमोलनं आणलेलं उष्णता मोजायचं मीटर तीन वर्षं कपाटात पडून होतं, केवळ नत्थुजींच्या मानाखातर.

रंग त्यांनी ओळखायचा आणि सांडशी देवमननं धरायची, अशी तीस वर्षं गेली. रंग नीट दिसावा म्हणून भर दुपारी दारांना पोती लावून अंधार करायचे, आणि त्या अंधारात तंबाखूची एकच डबी दोघांत फिरायची. नत्थुजींचं 'काढ' पुरतं म्हणून होण्याआधीच पीन तेलात चुर्र करायची. नत्थुजींच्या मुलीच्या, प्रणालीच्या, बारशाला देवमननं घरच्या मळ्यातले झेंडूचे इतके हार आणले होते, की पाळणा शोधावा लागला.

मागच्या वर्षी पिना परत येऊ लागल्या. टवके उडालेल्या. एकदा नाही, तीनदा. तेव्हा नत्थुजी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "देवमनचा हात जड झाला आता. वाकडी बुडवते." देवमननं सांडशी खिळ्याला अडकवली, हात धुतले आणि निघून गेला. तेव्हापासून सांडशी अमोलकडे आली.

डोळ्याची पट्टी सुटली त्या दिवशी ते अमरावतीला प्रणालीकडेच होते. नातीला मांडीवर घेत म्हणाले होते, "नवं झबलं घेतलं का वं? पांढरंफेक आहे."

"तेच हाये बाबा, तुमीच आनलेलं. तुमाले पिवळं दिसे." ती हसली होती, तेही हसले होते. आता ते हसणं आठवलं आणि ते शेडबाहेर पडले.

तसेच ऑटोत बसून, मोर्णा नदीचा पूल ओलांडून ते जुन्या शहरात देवमनच्या घरी गेले. ओट्यावर त्याची बायको शालू शेवंतीचे हार ओवत होती.

"या भाऊजी. आता कोनाचा हात जड झाला?"

"शालू, मानसाले आधी पानी तं दे," शेजारी बसलेला देवमन मान वर न करता म्हणाला.

नत्थुजी बसले नाहीत. "देवमन, तुहा हात जड नोता झाला गा. माहे डोये गेले होते. बोर समजून मी शेंदराले काढ म्हनत होतो."

देवमननं एक फूल ओवलं. "मले मालूम होतं."

"काय?"

"मले दिसत होता शेंदूर."

"मंग बोलला काहून नाई बापा?"

"तुमी म्हनाल तवा काढाचं. तीस वर्साची सवय." त्यानं आणखी एक फूल घेतलं, पण ओवलं नाही. "अन् बोललो असतो तं भट्टी सुटली असती तुमची. माह्या घरी फुलं होती. तुमच्या घरी काय होतं, नत्थुजी?"

शालूच्या हातातला दोरा थांबला. तिलाही हे आजच कळत होतं. ती आत गेली आणि पाण्याबरोबर गुळाचा खडा घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी नत्थुजींनी कपाटातलं मीटर स्वतःच काढून अमोलच्या हातात दिलं, आणि मागच्या वर्षीची चूक कोणाची होती, तेही सगळ्यांसमोर सांगितलं. सगळ्यांसमोरच तर दोष दिला होता.

नत्थुजींनी बोलावलं होतं, म्हणून फुलांचा बाजार आटोपून देवमन आला. त्याच्या शर्टाला अजून शेवंतीचा वास होता. दारांना पोती लागली. त्यानं सवयीनं खिळ्याकडे हात नेला, तर सांडशी आधीच नत्थुजींच्या हातात.

"तू रंग पाय."

"मीटर लावलं ना आता?"

"ते उद्यापासून पाहीन. आज तू पाय."

पिना तापू लागल्या. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा लावून, सांडशी सरसावून नत्थुजी भट्टीच्या तोंडाशी उभे राहिले. आगीकडे मात्र त्यांनी पाहिलंच नाही. देवमनच्या चेहऱ्यावर तांबडा उजेड हळूहळू चढत होता. त्या चेहऱ्याकडे पाहत, तो 'काढा' म्हणेल म्हणून ते थांबून राहिले.