आंधळं रीळ

काका शनिवारी सकाळी गेले असं दात्याने फोनवर सांगितलं आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो रिळाचा. माणूस गेल्याचा नाही, रिळाचा. लाज वाटते सांगायला, पण आहे ते आहे.

दात्या म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. दातांचा डॉक्टर, म्हणून दात्या. काका म्हणजे त्याचे वडील. आणि रिळाचं प्रकरण जरा नीट सांगायला हवं, नाहीतर मी एवढा का टरकलो ते कळायचं नाही.

मी जुने सिनेकॅमेरे दुरुस्त करतो. तळहातावर मावणारे, चावीचे. घड्याळाला देतात तशी चावी द्यायची, बटण दाबलं की अर्धं मिनिट घर्रर्र करत चालतात. बनवणाऱ्या कंपन्या कधीच आटोपल्या. सुटे भाग मिळत नाहीत, एक जगवायचा तर दोन मेलेले फाडावे लागतात. आतलं तेल मेणासारखं घट्ट झालेलं असतं, ते काडीने कोरून काढायचं. फिल्म मात्र अजून कुणीतरी बनवतं. ती टपालाने मागवायची, फ्रिजमध्ये भाजीशेजारी ठेवायची आणि बायकोची बोलणी खायची. असे आम्ही सहा येडे आहोत. दर रविवारी भेटतो. कुणाच्या ट्रायपॉडचा एक पाय आखूड कर, कुणाच्या बॅगेत वीट घाल, हे खातं माझ्याकडे. बायको वीस वर्षं सांगतेय, "तुमच्या मस्करीची एक दिवस कुस्करी होणार." मी म्हणायचो, होईल तेव्हा बघू.

तर कॅमेरा होता काकांचा. तरुणपणी हौसेने घेतलेला. त्यावर त्यांनी ढीगभर रिळं काढली. दात्या रांगतोय, दात्या पडतोय, काकू दोरीवर कपडे वाळत घालतायत आणि 'पुरे की आता' असा हात करतायत. सगळे आहेत, काका नाहीत. जो काढतो तो कुठे दिसतो? पुढे कॅमेरा अडकला आणि तीस वर्षं कपाटात पडून राहिला. मोबाइल कुणी समोर धरला की काका तोंड फिरवायचे. "त्याला काय, तो कुणाकडेही बघतो," म्हणायचे. दात्याने फार मागे लागून कबूल करून घेतलं की हाच कॅमेरा चालू झाला, तर ऐंशीव्या वाढदिवसाला ते त्याच्यासमोर उभे राहतील.

कॅमेरा मी चालू केला. दीड महिना घालवला त्यावर, आणि झकास चालू केला. दात्याने सोबत एक नवं कोरं रीळ दिलं होतं. "भरूनच दे रे, माझ्या हातून वाकडंतिकडं जाईल."

मी भरून दिलं. पण ते नाही. माझ्याकडे कॅमेरे तपासायला एक रीळ असतं, शंभरदा उजेड खाल्लेलं. दिसायला नव्यासारखंच. फिरतं, आवाज करतं, किती फिल्म संपली ते दाखवणारा काटाही सरकतो, पण त्यावर काही उमटत नाही. त्याला मी आंधळं रीळ म्हणतो. बेत असा होता की रविवारी दात्या ऐटीत आमचं सगळ्यांचं शूटिंग करेल, आम्ही हिरोसारखे चालू, आणि शेवटी मी जाहीर करेन. वाढदिवसाला महिना होता. खरं रीळ माझ्या खणात सुखरूप होतं. नेमका त्या रविवारी कुणाचा तरी गाल सुजला आणि दात्या आलाच नाही.

बुधवारी संध्याकाळी त्याचा फोन. आवाजात नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "लेका, आज म्हातारा खुशीत होता! स्वतःच म्हणाला, ऊन चांगलं पडलंय, कशाला महिना थांबायचं, आण तुझा तो डबा! गच्चीवर अख्खं रीळ संपवलं, मधे उलटून, दोन्ही बाजू! नाचला रे! माझा बाप नाचला!"

तेव्हाच सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मनात म्हटलं, म्हातारा ठणठणीत आहे, पुन्हा नाचेल. आत्ता फोनवर फोडलं तर मजा एकट्याची, रविवारी फोडलं तर सहाजणांत हशा.

शनिवारी काका गेले.

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले माझं मला माहीत. फोन वाजला की आधी कुणाचा आहे ते बघायचो. दुकानात कुणी 'काय, काय चाललंय?' म्हटलं तरी वाटायचं, ह्याला कळलं. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं. बायकोने विचारलं, "बरं वाटत नाही का? तीन आठवड्यांत कुणाची खोडी नाही काढलीत, डॉक्टरांना दाखवू या." मी म्हटलं, "दाखवायचंय, पण दातांच्या नको." तिला वाटलं, मी आलो पूर्वपदावर.

एकदा भेटायला गेलो तेव्हा दात्या चहा आणायला आत गेला. कॅमेरा कुठे असेल याचा मी अंदाज घेत होतो. काकांचं कपाट उघडंच होतं. स्वेटरांच्या चळतीत एक फडक्याची गुंडाळी. मी हात घातला. मनात सरळ हिशेब होता: झाकण उघडायचं, दोन मिनिटं उजेड दाखवायचा आणि ओरडायचं, अरे, ही खिटी सैल होती, फिल्म गेली! दोष लोखंडाचा. फडकी सोडली, खिटीवर अंगठा ठेवला.

"काय हवंय?"

मागे काकू. काकूंनी आम्हा दोघांना शाळेत गणित शिकवलंय. त्यांचा आवाज आला की आजही माझे दोन्ही हात आपोआप मागे जातात.

"काही नाही काकू. नीट ठेवलाय ना ते बघत होतो."

"नीटच आहे. उजेड लागू नये म्हणून तीन फडक्यांत बांधलाय." त्यांनी गुंडाळी माझ्या हातातून घेतली, पुन्हा बांधली, गाठ मारली. "मी तर पाहिलंच नाही रे. गुडघे दुखतात म्हणून गच्चीवर गेले नाही. खाली पावलं ऐकू येत होती, नाचायची. म्हटलं, आता फिल्मवरच बघू." आणि कपाटाला कुलूप लावलं.

त्या दिवशी मी जिना उतरलो की गडगडलो, आठवत नाही.

फिल्म आम्ही घरीच धुतो. दात्याच्या न्हाणीघरात, दोघं मिळून. मी म्हटलं, "दे माझ्याकडे, मी एकटा करून आणतो. तू कशाला या दिवसांत?" तर म्हणाला, "छे! तुझ्याशिवाय नाही आणि आईशिवाय नाही. रविवारी दुपारी ये."

गेलो. खिशात खरं रीळ घेऊन गेलो. का घेतलं माहीत नाही. सांगायचं ठरवलं होतं म्हणावं, तर दुसऱ्या खिशात थापही तयारच होती: फिल्म जुनी निघाली, रसायन उतरलं, आपलं नशीब.

न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड. दाराच्या फटीला टॉवेल. बाहेर स्टुलावर काकू, हातात गजराचं घड्याळ. कोणत्या रसायनात किती मिनिटं याचा कागद दात्याने त्यांना दिला होता, आणि त्यांनी तो स्वतःच्या अक्षरात पुन्हा उतरवून काढला होता.

"सुरू करताना आवाज द्या," त्या म्हणाल्या. "आणि आत दंगा नको."

दिवा मालवला. अंधार असा की डोळे उघडे आहेत का मिटलेले, हे बोट लावून बघावं. मग आवाज: कॅमेऱ्याची खिटी, टक्. फिल्मचं टोक सुटलं, सर्र. ही फिल्म आता एका फिरकीत वेढ्यावेढ्याने बसवायची, डबा बंद करायचा, मगच दिवा. पंचवीस फूट, अंधारात, बोटांनी. दात्याची बोटं यात पटाईत, अख्खा जन्म दुसऱ्यांच्या तोंडात न बघता चाचपण्यात गेला.

पण आज फिल्म सारखी निसटत होती.

"माझे हात थरथरतायत रे," तो हळूच म्हणाला.

"राहू दे मग. नंतर करू."

"नको. मी तीन आठवडे झोपलो नाहीये धड. सारखं वाटतं, काहीतरी चुकणार. रसायन मी कालवलंय. एक पाकीट जुनं होतं, तेच वापरलं. ते गेलं असलं तर?" फिल्म पुन्हा निसटली. "कोरी निघाली तर आईला काय सांगू? माझ्या हाताने बापाला पुसलं म्हणून?"

 आता गंमत बघा. थाप मला मारायचीच नव्हती. दात्यानेच माझ्यासाठी बांधून ठेवली होती, तयार, गाठीसकट. मी फक्त गप्प उभं राहायचं. फिल्म काचेसारखी कोरी निघणार, तो स्वतःच्या हातांकडे बघणार आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणणार, जाऊ दे रे, होतं असं. आणि तो मला थँक्यू म्हणणार.

याचीच भीती जास्त वाटली. पकडला जाण्याची तीन आठवडे वाटत होती, ती याच्यापुढे काहीच नव्हती.

"दात्या," मी म्हटलं.  दातखीळ बसली, तीही कुणासमोर!

"काय?"

मी खिशातली डबी काढली, चाचपत त्याचा हात शोधला आणि त्यात ठेवली. गोल पत्र्याची डबी, कडेने चिकटपट्टी, अजून न फोडलेली. त्याची बोटं तिच्यावरून फिरली. एकदा. मग पुन्हा, सावकाश, पट्टीच्या टोकापर्यंत.

"हे माझं रीळ आहे," तो म्हणाला.

"हो."

"मग हे काय आहे?"

"आंधळं आहे. रविवारी गंमत करायची होती. तू आलाच नाहीस. मग बुधवारी तू फोन केलास, आणि मी... मला वाटलं, अजून महिना आहे."

  अंधारात माणूस गप्प झाला की तो कुठे आहे ते कळत नाही. मारायला हात उचललाय, की खाली बसलाय, की माझ्या तोंडासमोर तोंड आणून उभा आहे. मी पाठ भिंतीला टेकवली. नळ ठिबकत होता. मी थेंब मोजायला लागलो. सतरापर्यंत आलो.

"दिवा लावू?" मी विचारलं.

"लावू नकोस." आवाज खालून आला. तो जमिनीवर बसला होता. "मला तुझं तोंड बघायचं नाहीये."

"अरे, झालं का?" बाहेरून काकू. "घड्याळ लावून बसलेय मी."



"तू सांग," दात्या म्हणाला. "जा. तूच सांग तिला."

मी टॉवेल बाजूला सारला आणि दार उघडलं. उजेड डोळ्यांत घुसला. मागे फिल्मचे वेढे फरशीवर पडले होते, आता त्यांना लपवायचं काही कारण नव्हतं. काकू स्टुलावरून उठल्या. "अरे अरे, दार काय उघडतोस, उजेड!" म्हणत त्यांनी चक्क स्वतःचा पदर फटीवर धरला.

मी सांगितलं. कसं सांगितलं विचारू नका. शाळेत फळ्यासमोर गणित न येता उभा राहायचो तसा उभा होतो, फरक इतकाच की मागे कुणी हसत नव्हतं. त्या ऐकत राहिल्या. घड्याळ हातात टिकटिकत होतं. सांगून झालं तेव्हा त्यांनी पदर सोडला.

"म्हणजे त्यात ते नाहीत."

"नाहीत काकू."

"कुठेच नाहीत."

मी मान हलवली.

वाटलं, आता कानफटात बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी घड्याळाचा गजर बंद केला, दोनदा बघितलं, नीट बंद झालाय का.

"ते चांगलं रीळ कुठाय?"

दात्या आतून बाहेर आला. डबी त्याच्या मुठीत होती, दुसऱ्या हातात कॅमेरा.

"भर," काकू मला म्हणाल्या. "इथे. माझ्यासमोर. आणि तू बघ रे, तो काय भरतोय ते."

"आई, कशाला आत्ता..."

"तुम्ही दोघं आणि तुमचा महिना. उद्याचं मला सांगू नका."

पडदा ओढला, कोपऱ्यात सावलीत बसलो. पट्टी फोडली.  असं रीळ मी हजारदा भरलं असेल, झोपेत भरेन. त्या दिवशी टोक खाचेत जाईना. दात्या नाकाजवळ नाक आणून बघत होता. तिसऱ्यांदा गेलं. त्याने ओढून बघितलं, मग मान हलवली. 

काकूंनी पडदा पुन्हा बाजूला सारला आणि त्या खिडकीच्या उजेडात उभ्या राहिल्या. "माफ-बिफ केलंय असं समजू नकोस, मेल्या," त्या म्हणाल्या. "कॅमेरा तुलाच नीट धरता येतो म्हणून. चालू कर."

मी बटण दाबलं. घर्रर्र. चौकटीत काकू. त्या लेन्सकडे सरळ बघत बोलायला लागल्या.

"काकू, यात आवाज येत नाही," मी म्हटलं.

"ठाऊक आहे मला. तुला ऐकवायला बोलतेय का मी?"

त्या बोलत राहिल्या. ओठ हलत होते, मधेच एक बोट वर गेलं, गणित समजावताना जायचं तसं, मधेच हसल्या. मला ऐकू येत नव्हतं, यंत्राचा आवाज कानाशी होता. मी काटा बघत होतो. सरकतोय ना? पण काटा आंधळ्या रिळालाही सरकतो. टोक सुटलं तर? चाकाचा दात अडकला तर? दीड महिना खपून मीच बसवलेल्या प्रत्येक चाकावर आता माझा विश्वास राहिला नव्हता.

तेवढ्यात घर्र थांबलं. चावी संपली.

काकूंना कळलंच नाही. त्या बोलतच होत्या, आणि खोली शांत झाल्यामुळे शब्द ऐकू यायला लागले. त्या काकांशी बोलत होत्या. एक वाक्य माझ्या कानावर पडलं आणि मी घाईघाईने चावी द्यायला लागलो, खटखट खटखट, जोरात, पुढचं ऐकू येऊ नये म्हणून. हातातून चावी निसटत होती. दात्या भिंतीकडे तोंड करून उभा होता.

चावी भरली. बटण दाबलं. घर्र सुरू झालं आणि मी कॅमेऱ्याला कान लावला, चालतोय ना, चालतोय ना.