नवव्या कलमावर ताईचं म्हणणं

कायदेमंडळात सगळ्यात कमी बोलणारा माणूस कोण, असं कोणी विचारलं असतं तर दारावरच्या शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांनी एकाच टेबलाकडे बोट दाखवलं असतं. सभागृहाच्या मधोमध, सत्ताधारी आणि विरोधक यांच्या बाकांच्या ऐन कात्रीत ते लांबट टेबल होतं. तिथे लघुलेखक बसत. मंत्री भाषण ठोकोत, विरोधक घसा फोडोत, कोणी कोणाचा बाप काढो. लघुलेखकाने मान वर करायची नाही, हसायचं नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. फक्त लिहायचं. पाळी संपली की दुसरा येऊन बसायचा आणि पहिला मागच्या खोलीत जाऊन लिहिलेलं टाइप करायचा. यंत्रं आली, टेप आली, पण ऐन गोंधळात कोण कोणाला काय म्हणालं हे यंत्राला कळत नाही, म्हणून टेबल टिकून होतं. त्या टेबलावरच्या सगळ्यात जुन्या माणसाला बाकीचे मौनीबाबा म्हणत.

मौनीबाबाला हे नाव आवडायचं की नाही, ते कोणाला माहीत नव्हतं, कारण तो ते बोलला नव्हता. हात मात्र विलक्षण होता. एकाच वेळी चौघं भांडत असले तरी त्याच्या कागदावर चौघांचं भांडण वेगवेगळं, स्वच्छ उतरायचं. त्याचं गुपित साधं होतं. आवाज कानातून शिरायचा आणि बोटांतून बाहेर पडायचा. वाटेत डोकं लागायचं, पण तिथे तो थांबायचा नाही. नव्याने लागलेल्या पोरांना तो एवढंच सांगायचा, "अर्थाकडे लक्ष देऊ नका. हात अडखळतो." जन्मभर त्याने देशाचे कायदे असे लिहिले आणि त्यांतला एकही ऐकला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरी एक खोली, एक पलंग, खिडकीला बांधलेली कपड्यांची दोरी. कप मात्र दोन होते. दुसरा का घेतला होता हे त्यालाही आता आठवत नसे, पण तो रोज दोन्ही विसळायचा. शेजारी बरे होते, जिन्यात भेटले की "काय, आलात का?" म्हणायचे. तो मान हलवायचा आणि कुलूप उघडायचा. संध्याकाळभर त्याच्या खोलीतून भांड्याच्या आवाजापलीकडे काही ऐकू यायचं नाही.

रविवारी तो ताईकडे जायचा. ताई त्याची थोरली बहीण, जन्मापासून आंधळी. आई-वडिलांमागे तिनेच त्याला वाढवलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती, त्या पगारातून तिने त्याला लघुलेखनाच्या वर्गाला घातलं. "दुसऱ्यांचं ऐकून पोट भरायचं, हा आपला घरचा धंदा," असं ती तेव्हा हसून म्हणायची. निवृत्त झाल्यावर ती आंधळ्या बायकांच्या एका लहानशा सरकारी निवासात राहायला गेली. दगडी जिना, मधे अंगण, वर ओळीने खोल्या. तो तिच्या खोलीत जायचा, खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसायचा. ताई आठवड्याभराचं बोलून घ्यायची. तो हं म्हणायचा. तिचं बोलणं संपलं की ती रेडिओ लावायची, आणि अंधार पडायच्या आत तो निघायचा.

त्या रविवारी ताईने रेडिओ लावला नाही.

"आमचं निवास बंद होणार म्हणतात," ती म्हणाली. "अधीक्षकबाई सांगत होत्या. लहान निवासं मोडून एकच मोठं करणार. पार तिकडे, देशाच्या दुसऱ्या टोकाला. आगगाडीने दीड दिवस लागतो. त्याचा कायदा होतोय, तुमच्याकडेच. तुला ठाऊक असेलच."

खुर्ची करकरली.

"अरे, असेल ना ठाऊक?"

"बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने जुनं कामकाज काढून पाहिलं. विधेयक मांडलं गेलं होतं वसंत अधिवेशनात. मंत्र्यांचं भाषण लांबलचक होतं, त्यात कार्यक्षमता हा शब्द जिथे तिथे होता, आणि भाषणाच्या तळाशी लघुलेखक म्हणून त्याचीच आद्याक्षरं होती. मग विधेयक समितीकडे गेलं. समितीने वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, ज्यांना हरकत असेल त्यांनी यावं, ऐकून घेऊ. ठरल्या दिवशी कोणी आलं नाही. समिती रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसली, बिस्किटं खाल्ली आणि उठली. तिथेही लिहायला हाच होता. त्याला तो दिवस चांगला आठवला. काम लवकर संपलं म्हणून त्याला बरं वाटलं होतं.

ताईचं घर त्याच्या हातून, अक्षरशः त्याच्या हातून गेलं होतं. त्याला इतकी लाज वाटली की डबा तसाच बांधून त्याने परत नेला.

बुधवारी तो निवासात गेला. मधल्या वारी आलेला पाहून अधीक्षकबाई घाबरल्या, "कोणी गेलं का हो?" म्हणाल्या. त्याने ताईला सगळं सांगितलं. एवढी वाक्यं सलग बोलायची सवय नसल्याने त्याला मधेमधे दम लागत होता. विधेयक अजून संपलेलं नाही, तो म्हणाला. आता एकेक कलम सभागृहापुढे येईल. निवासं हलवायचं ते नववं कलम. त्यात बदल सुचवता येतो, पण तो सदस्यानेच सुचवायचा असतो, आणि आदल्या दिवशी लेखी द्यावा लागतो.

"मग सांग की एखाद्या सदस्याला. रोज तर त्यांच्यात बसतोस."

"मला बोलता येत नाही. नियम आहे. आमच्यापैकी कोणी विधेयकाबद्दल सदस्याशी अवाक्षर काढायचं नाही."

ताई हसली. "तुझ्यासाठी अगदी बेतून शिवलाय बाबा हा नियम." मग तिने विचारलं, "मला आहे का असा काही नियम?"

"तुला नाही."

"मग मूग गिळून का बसू? माझी काठी दे."

त्या भागाच्या खासदारबाईंचं कार्यालय एका औषधाच्या दुकानाच्या वर होतं. शनिवारी सकाळी त्या लोकांना भेटत. बाहेरच्या बाकावर गर्दी होती. कोणाला नळ हवा होता, कोणाला बदली, कोणाला मुलाला चिकटवायला नोकरी. ताईचा नंबर लागला तेव्हा तो उठला, दारापर्यंत तिला नेलं आणि हात सोडला. आत जाणं नियमात बसत नव्हतं. दार लागलं. आतून ताईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. माणसं येत होती, जात होती, तो बाकावर पायाकडे बघत बसला होता. ताई इतका वेळ काय बोलते आहे, याचं त्याला नवल वाटलं. त्याच्याशी तर तिचं बोलणं केव्हाच आटपायचं.

खासदारबाई स्वतः दारापर्यंत सोडायला आल्या. "लोक आमच्याकडे नळ घेऊन येतात," त्या म्हणाल्या, "आणि कायदा झाल्यावर शिव्या घेऊन येतात. व्हायच्या आधी येणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मी दुरुस्ती देते. पण आमची माणसं थोडी आहेत, आजी. पडेल बहुतेक."

"पडू दे," ताई म्हणाली. "कोणी काही म्हणालंच नाही, असं तरी व्हायला नको."

परतीच्या बसमध्ये त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

नववं कलम मंगळवारी दुपारी आलं. जेवणानंतरची वेळ, अर्धे बाक रिकामे, उरलेल्यांतले काही डुलक्या घेणारे. खासदारबाई उठल्या आणि नेमकी तेव्हाच मौनीबाबाची पाळी सुरू झाली. त्याने कागद ओढला, मान खाली घातली.

दुरुस्ती साधी होती, राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय कोणतंही निवास हलवू नये एवढीच. त्यानंतर बाई म्हणाल्या, "याच्या समर्थनार्थ मी भाषण करणार नाही. माझ्या मतदारसंघातल्या एक आजी आहेत, जन्मांध. त्यांचं म्हणणं मी उतरवून घेतलंय, तेवढं वाचते." आणि त्या वाचू लागल्या.

"मला इथला जिना पायांनी पाठ आहे. कुठली पायरी हलते ते माझ्या टाचेला कळतं. नव्या जागी गरम पाणी आहे, लिफ्ट आहे, असं सांगतात. असेल. पण एक इमारत शिकायला मला काही वर्षं लागली आणि तेवढी आता माझ्यापाशी नाहीत."

त्याचा हात चालत होता. ताईचे शब्द दुसऱ्या बाईच्या आवाजात येत होते.

"आणखी एक आहे. माझा धाकटा भाऊ दर रविवारी येतो. तो बोलत नाही. त्याचा चेहरा मी पाहिलेला नाही आणि आवाज आता विसरत चाललेय. पण तो बसला की खुर्ची करकरते. त्या करकरण्यावर माझा आठवडा निघतो. निवास लांब गेलं तर तो यायचा नाही. माझा त्याच्यावर राग नाही. इतक्या लांब येऊन गप्प बसायला कोण येईल?"

हात थांबला.

असं कधीच झालं नव्हतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाच्या लघुलेखकाने चमकून पाहिलं. मौनीबाबाची मान खाली होती, पेन्सिल कागदावर टेकलेली होती आणि तिच्याखाली काहीच उमटत नव्हतं. तो ऐकत होता. बाईंनी पुढची दोन वाक्यं वाचली, मंत्री उठले, भावना समजू शकतो पण प्रशासनाच्या अडचणी आहेत असं म्हणाले, बसले. मंत्री उठले तोवर हात पुन्हा सुरू झाला होता. अध्यक्षांनी दुरुस्ती मताला टाकली. बाजूने असतील त्यांनी होय म्हणा. मागच्या बाकांवरून विखुरलेले होय आले, काही तर सत्ताधाऱ्यांच्या बाजूनेही आले. विरोधात असतील त्यांनी नाही म्हणा. नाहीचा आवाज मोठा होता. दुरुस्ती पडली. नववं कलम विधेयकाचा भाग झालं.

मागच्या खोलीत त्याचा सहकारी म्हणाला, "बाबा, तेवढं गाळलेलं मी टेपवरून घेतो. तुम्ही जा घरी, चेहरा बघा कसा झालाय." त्याने मान हलवून नको म्हटलं. कानाला यंत्र लावून ती दोन वाक्यं त्याने पुन्हा ऐकली. ती अशी होती: "त्याला लहानपणी मीच सांगायची, ऐकत जा, बोलू नकोस. माझीच चूक झाली." त्याने ती टाइप केली, स्वल्पविराम तपासला, आणि मग तोंडावर रुमाल धरून तो बराच वेळ बसून राहिला. नव्या पोरांनी शहाणपणा करून खोलीतून काढता पाय घेतला.

संध्याकाळी तो निवासात पोचला तेव्हा ताई पलंगावर बसून रेडिओ ऐकत होती. तिने तो बंद केला.

"पडली ना?"

"पडली."

"मला वाटलंच." तिने चादरीची कड सारखी केली. "बाईंनी वाचलं का?"

"वाचलं."

"सगळं?"

"सगळं. मीच लिहून घेतलं."

ताईचा हात चादरीवर थांबला. "तू तिथे असशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही रे," ती म्हणाली. "बाई विचारत गेल्या, मी बोलत गेले."

तो खुर्चीत बसला नाही. तिच्याशेजारी पलंगावर बसला.

"अजून वरचं सभागृह आहे," तो म्हणाला. "तिथे पुन्हा पहिल्यापासून सगळं होणार. त्यांची समिती पुढच्या महिन्यात लोकांना बोलावणार आहे. तू बोल. या वेळी मी बाहेर थांबणार नाही."

"आणि तुझा नियम?"

"आज अर्ज दिला. या विधेयकापुरतं मला टेबलावरून मोकळं करा, मी त्यातला माणूस आहे, असा. नाही म्हणाले तर राजीनामा देईन. पेन्शन थोडी कमी मिळेल, बाकी काय."

"अरे वेड्या," ताई म्हणाली, पण तिने चाचपडत त्याचा हात धरला. "जाऊन काय बोलणार आहेस तू?"

त्याने वाटेत बसमध्ये सगळं ठरवलं होतं, आता एक शब्द सापडेना. तरी तो उठला, कारण तिथे उभं राहून बोलायची रीत असते. शर्ट खाली ओढला.

"मी यांचा भाऊ," तो म्हणाला. "धाकटा. मला, म्हणजे, मी दर रविवारी येतो. लांब असलं तरी येईन, पण..." अंगणात कोणीतरी बादली ठेवली तेवढं ऐकू आलं.

ताईने तोंड त्याच्या दिशेने वळवलं होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ती पुसत नव्हती.

"मला ऐकू येतंय रे," ती म्हणाली. "पण समितीत मागच्या खुर्च्यांवरच्या लोकांचं काय? मोठ्याने बोल."

त्याने घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.