नुसती मोजणी

मामा-भाचीमध्ये विस्तव जात नव्हता. वाईट प्रोग्राम कसा असतो याचा नमुना म्हणून भाचीने आपल्या शोधनिबंधात मामाचाच प्रोग्राम छापला होता. नाव गाळलं होतं, पण मामा काय दूधखुळा होता? छापखान्यातलं कागद कापायचं यंत्र बावीस वर्षं त्याच प्रोग्रामवर चालत होतं.

भाचीचं संशोधनच ते. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम वाचायचा, निरुपयोगी ओळी शोधून काढून टाकायच्या आणि उरलेलं नीट लिहून द्यायचं, असं एक अवजार तिने बनवलं होतं. छापखान्याच्या मालकीणबाईंनी ते वापरायला तिला बोलावलं, तेव्हा मामाचं पित्त खवळलं. दोघं समोरासमोर बसूनही मालकीणबाईंमार्फत बोलत.

"यांना विचारा, काय काय उडवलं?" मामाने हाताची घडी घालून विचारलं.

"त्यांना सांगा, एका जागी नुसती मोजणी होती. एकपासून साठ हजारांपर्यंत मोजायचं आणि सोडून द्यायचं! तिच्यावाचून उत्तरात काडीचा फरक पडत नाही, हे मी सिद्ध केलंय."

"वा, डॉक्टरीणबाई!" मामा कुत्सित हसला. "उडवा, उडवा."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाला एक शब्द विचारायचा नाही, हे तिने केव्हाच ठरवलं होतं.

यंत्रावर पैलवान होता. नाव पैलवान, अंगावर मूठभर मांस नाही. सकाळी त्यानेच तिला काम दाखवलं होतं: पायपट्टी दाबायची, गठ्ठ्याच्या कडेला शेवटची थाप मारायची, हात काढायचा, मग पातं खाली येतं. तिला ती थाप म्हणजे जुन्या माणसाची लकब वाटली होती.

नवा प्रोग्राम चढला. पैलवानाने गठ्ठा लावला. मामा स्टुलावर चुळबुळला. त्याने भाचीकडे पाहिलं आणि हाताची घडी पुन्हा घट्ट केली. पैलवानाचा पाय पट्टीवर गेला, हात थापेसाठी उचलला.

"हात काढ रे!" मामा किंचाळला.

पातं खाडकन आलं. पैलवान मागे कोलमडला. गठ्ठ्यावर त्याच्या बाहीचा तुकडा पडला होता, कसा अगदी सरळ रेषेत कापलेला.

त्या मोजणीला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात बावीस वर्षं पैलवानाचा हात बाहेर येत होता.

"साहेब, तुम्हाला ठाऊक होतं?" पैलवानाने विचारलं.

"ही विचारेल म्हणून थांबलो होतो," मामा पुटपुटला. "आधी यंत्र रिकामं चालवतील असं वाटलं."

"मी तिथे उभा होतो, ते दिसत नव्हतं तुम्हाला?"

मामाने मान खाली घातली.

"आणि ताई, तुम्ही?"

भाचीचं अवजार नेमकं त्याच ओळींपाशी अडलं होतं. हेतू कळत नाही, लिहिणाऱ्याला विचारायचं का, असं पडद्यावर आलं होतं. तिने पुरतं न वाचता 'नाही' दाबलं होतं, आणि दाबताना तिला फार बरं वाटलं होतं.

"मला विचारायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी विचारलं नाही."

पैलवान दोघांकडे पाहत राहिला. मग एप्रन काढून त्याने तो मामाच्या मांडीवर फेकला आणि कोपऱ्यातल्या नळाकडे गेला. पाणी सोडलं, पण हात धुतले नाहीत. एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं मोजली. पाच भरली, की पुन्हा एकपासून मोजत होता.