डाव्या वाटीतलं भोक

बाबा गेल्यावर त्यांचा हेडफोन माझ्याकडे आला. लाकडी वाट्या, वर चामड्याचा पट्टा. अजूनही काय रुबाब होता त्याचा! दुकानात सगळे नवे हेडफोन कानाला लावून नाकं मुरडली आणि शेवटी हाच दुरुस्त करायला घेतला.

भुगा झालेल्या गाद्या बदलल्या, वायर बदलली. तरी खर्ज काही भरेना. बघते तर डाव्या वाटीला आरपार भोक, चांगलं ड्रिलने पाडलेलं! एक स्वर बेसूर लागला तरी रेडिओ बंद करणारा माणूस, त्याला ही काय अवदसा आठवली? चडफडत मी त्यात लाकडाची खुंटी ठोकली.

आता आवाज असा भरून आला की डोळेच मिटले.

खांद्यावर थाप पडली तशी दचकले. आई चहा घेऊन उभी होती.

"स्वयंपाकघरातून किती हाका मारल्या! तुझे बाबा हेच डोक्यावर घालून बसायचे, पण पहिल्या हाकेला ओ द्यायचे."

मी कप बाजूला ठेवला आणि पक्कड शोधायला उठले.